बिबट्याशेजारचा मासा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर बसून लसूण सोलत होतो. "नाना, तुमच्या म्युझियममधल्या गमतीजमती लिहा, दिवाळी अंकात चार हसरी पानं हवीत," म्हणाले. मी हो म्हणून बसलो. गमती पुष्कळ आहेत, सांगतोच. पण त्यांच्या मागोमाग एक गोष्ट येईल, ती हसरी नाही. संपादकांना ती गाळावीशी वाटली तर त्यांनी माझा सगळाच लेख गाळावा, अशी विनंती आधीच करून ठेवतो.

मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो. मूळचा शिंदखेड्याकडचा. घरात अहिराणी, कॉलेजात पुस्तकी मराठी आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर लॅटिन, अशा तीन भाषांत माझी नोकरी झाली. लॅटिनचा अर्थ मला कधी कळला नाही, पण त्या नावांत माझी काना-मात्रेची चूक कोणी दाखवावी! अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार, आणि हात रंगकामात बरा. हा बरा हातच पुढे नडला.

परिचराचं काम काय, तर मेलेल्या जनावरांची उस्तवार. विभागाच्या वरच्या मजल्यावर आमचं म्युझियम. कपाटांत बरण्या, बरण्यांत फॉर्मलीन आणि फॉर्मलीनमध्ये साप, विंचू, बेडूक, मासे. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये बरणीतलं पाणी बघता बघता खाली जातं आणि आतल्या जिवाचं डोकं उघडं पडतं. म्हणून सुट्टीतही दर चार दिवसांनी जाऊन भर घालायची, झाकणाच्या कडेला मेण लावायचं. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं. बायको म्हणायची, "तुमना आंगले कायम मढानाच वास येस." सवय झाली की आपल्याला येत नाही तो.

सगळ्यात मोठी गंमत परीक्षेची. प्रॅक्टिकलला टेबलावर नमुने मांडतात, प्रत्येकाला नंबर. त्याला स्पॉट म्हणतात. पोरांनी ओळखून नाव लिहायचं. बाहेरचे परीक्षक चहाकडे वळले की पोरं माझ्याकडे बघत. आता हे कबूल करायला हरकत नाही, पेन्शन सुरू झालेली आहे. गोगलगाय असेल तर मी पाठीला हात लावायचो, खेकडा असेल तर बोटांचा चिमटा उघडमीट करायचो. पाकट नावाचा एक चपटा समुद्री मासा आमच्याकडे होता, त्यासाठी मी दोन्ही कोपरं बाजूला पसरून शर्ट झटकायचो. एका वर्षी एरंडोलच्या एका पोराने ते बघून छातीठोकपणे वटवाघूळ लिहिलं. बाहेर आल्यावर माझ्याशीच भांडला, "नाना, तुम्ही तर उडून दाखवलं!"

बिबट्यासाठी मात्र खूण लागायची नाही. दारातून आत आलं की समोर तोच. सातपुड्यात मेलेला सापडलेला, फार पूर्वी वनखात्याने रीतसर कागद करून कॉलेजला दिलेला. भुसा भरलेला, काचेचे डोळे, एक पंजा उचललेला. म्युझियम म्हणजे बिबट्या, असंच लोक समजत. सातपुड्यातल्या पाल गावाकडची एक पावरा आदिवासी मुलगी आमच्याकडे शिकत होती. तिचे वडील तिला भेटायला आले की आधी वर येऊन बिबट्याच्या पायाशी कुंकू ठेवायचे आणि मग लेकीची चौकशी. मी कधी अडवलं नाही. ते गेले की हलक्या हाताने पुसून घ्यायचो. एक कापडवाले शेठजी तीनदा आले. नातू रात्री दचकतो, गळ्यात वाघनख बांधायचं होतं. "भाऊ, अठरा नखांतलं एक गेलं तर कोण मोजणार?" मी म्हटलं, "मी मोजतो ना शेठजी, रोज." खरंच मोजायचो. माझ्या नोकरीत त्या बिबट्याचं एक नख गेलं नाही की एक मिशी गळाली नाही.

त्याच्याच शेजारी, खिडकीखाली, काचेच्या चौकोनी बरणीत ते पाकट होतं. त्याच्याकडे कोणी बघत नसे.

ते पाकट देवरे सरांचं. सर आमचे विभागप्रमुख. धुळ्याचे, उंच, आवाज बारीक, रागावले की आणखी बारीक व्हायचा. सहलीला कोकणातल्या एका बंदरावर पोरांना घेऊन गेले होते, सामान वाहायला मला नेलं होतं. मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो तेव्हा. आम्ही तापी पूर आल्यावर बघणारी माणसं, तरी इतकं पाणी बघून मी सामान खाली ठेवून उभाच राहिलो. जेटीवर मासळी ओतत होते. एका कोळणीच्या पाटीतून सरांनी ते उचललं. पिल्लूच होतं, जेवणाच्या ताटाएवढं, चाबकासारखी लांब शेपटी आणि पाठभर ठिपके. अजून ओलं, चमकत होतं. सरांनी ते दोन्ही हातांवर तोलून धरलं. त्यांनी फोटो काढायला घेतले तर कॅमेऱ्यातला रोल आदल्या दिवशीच पोरांनी उघडून, उजेड लागून वाया घालवलेला. सरांचा आवाज इतका बारीक झाला की ऐकूच येईना.

मग ते मला म्हणाले, "सुकदेव, मी नोंदी करतो. बंदर, जाळं, पाण्याची खोली, सगळं आत्ताच लिहायला हवं. तू याच्याकडे नीट बघून घे. फॉर्मलीनमध्ये गेलं की रंग उडतो. ठिपके तुझ्या डोक्यात राहू देत. तुझी नजर चित्रकाराची आहे."

मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. मी उकिडवा बसून बघत राहिलो. सरांनी माझं बोट धरून पाठीच्या मधोमध फिरवलं. तिथे खरखरीत दाणे होते आणि त्यांच्यात मोत्यासारखा एक मोठा. "हीसुद्धा याची ओळख," म्हणाले. डब्यात फॉर्मलीन घालून, मांडीवर डबा घेऊन मी ते जळगावपर्यंत आणलं. वासाने शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही, तेवढाच पाय पसरायला मिळाला.

दरवर्षी नव्या वर्गाला सर बिबट्या आणि पाकट यांच्या मधोमध उभं करायचे. "सांगा, दोघांत सारखं काय?" पोरं खिदळायची. कुठे जंगलचा राजा आणि कुठे हा मासा! सर शांतपणे सांगायचे. हा वाळक्या पाल्यात बसतो आणि दिसत नाही, तो वाळूत बसतो आणि दिसत नाही, दोघांनाही ठिपके लपवतात. दोघांना पिल्लं थोडी होतात, म्हणून मारायला लागलं की दोघंही लवकर संपतात. "फरक एवढाच," ते म्हणायचे, "बिबट्या विहिरीत पडला की अख्खं गाव धावतं, दोर बांधून खाट खाली सोडतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. रावेरकडे केळीच्या बागेत नुसता पंजा उमटला तरी बातमी होते. हा जाळ्यात आला तर याच्यासाठी खाट कोण सोडणार?" मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की सरांबरोबर ओठ हलवायचो. ऐकलं खूप, कानात किती गेलं ते पुढे दिसलंच.

सर निवृत्त झाले, जळगावातच मेहरूणला राहायला गेले. डोळे काचबिंदूने अधू होत गेले. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मासा कसा आहे?" मी म्हणायचो, "मजेत." सरांच्या पत्नी गेलेल्या, मुलगी अध्येमध्ये येऊन राहायची, बाकी घरात ते आणि रेडिओ.

मग एका वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं. ज्याने तपासणी बघितली नाही त्याला तो धुरळा कळणार नाही. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. प्राचार्य म्युझियममध्ये आले, बिबट्याच्या पाठीवरचे केस झडलेले बघून म्हणाले, "नाना, याचं काहीतरी करा." मी अख्खा मे महिना त्या बिबट्यावर घातला. ब्रशचे केस एकेक करून चिकटवले, रंग भरला, नाकाला वॉर्निश. प्राचार्य दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "अरे, हा तर गुरगुरेल आता!" मी फुगलो. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आणि ते काय आहे पांढरट? आजारी दिसतंय. उठावदार करा जरा."

ते पाकटच होतं. त्या महिन्यात मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. बरणीतलं पाणी अर्ध्याखाली गेलं होतं आणि वरची कड वाळून वळली होती. भर घालून, मेण लावून, सरांना जाऊन सांगायला हवं होतं. पण माझ्या अंगात बिबट्याचं कौतुक होतं. मला वाटलं, चुकलो तर चुकलो, आता असं करून दाखवतो की सर खूश होतील. इतकी वर्षं कोणी याच्याकडे बघितलं नाही, आता बघतीलच.

मी ते बरणीतून काढलं, धुतलं आणि गच्चीवर जळगावच्या उन्हात वाळवलं. कडा वळू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या. शेपटी दोन ठिकाणी तुटली, ती तारेने जोडली. पाठ खरखरीत, रंग बसेना. मग पॉलिश पेपर घेतला आणि घासली. चांगली आरशासारखी गुळगुळीत होईपर्यंत घासली.

ब्रश हातात घेतला आणि ठिपके आठवेनात.

खोटं नाही सांगत, मी बराच वेळ बसलो. जेटी आठवली, कोळणीचा हिरवा चुडा आठवला, सरांचे हात आठवले. ठिपके आठवेनात. गोल होते की लांबट, भरीव की मधे मोकळे, काही काही येईना. मी मान वर केली. समोर बिबट्या होता. महिनाभर त्याचेच ठिपके काढून हात बसला होता.

समिती आली. बिबट्या आणि पाकट शेजारी शेजारी, खाली माझ्या अक्षरात पाटी, "जंगलातला ठिपकेवाला, समुद्रातला ठिपकेवाला". पाहुण्यांनी दोघांसोबत फोटो काढले. त्यानंतर शाळांच्या सहली आल्या की पोरं माशाजवळही थांबायला लागली. मी धावत मेहरूणला गेलो. "सर, आता तुमचा मासा लोक बघतात!"

"हो? ठिपके दिसतात अजून?" त्यांनी विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

"दिसतात ना सर. ठळक दिसतात."

सर किती वेळ नुसते हसत होते. त्यांनी स्वतः उठून, चाचपडत, डब्यातला लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

चार-पाच वर्षं गेली. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा सरांना एक फोन आला. किनाऱ्यावरच्या एका संस्थेतून रेवती मॅडम म्हणून एक तरुण संशोधक बोलत होत्या. जुन्या नोंदी चाळताना त्यांना सरांची टिपणं सापडली होती. ठिपक्यांच्या पाकटांत दोन-तीन जाती अगदी सारख्या दिसतात, म्हणे. त्यातली एक आता आपल्या त्या किनाऱ्यावर सापडतच नाही. ती तिथे होती याचा पक्का पुरावा कुठेच नाही. सरांचं पाकट त्याच जातीचं निघालं, तर तो एकमेव पुरावा ठरणार होता. ती होती हे सिद्ध झालं, तर त्या बंदरावर तिला वाचवण्यासाठी सरकारकडे काही मागता येणार होतं.

सरांनी मला बोलावून घेतलं. इतके आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "सुकदेव, खाट सोडणारं कोणीतरी आलं रे!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर हातातली भाकरी टाकून ती म्हणाली, "त्या मानूसना डोया गयात, आनि तुम्ही त्याले ठिपका दिखतंस सांगं? उद्याच जा आनि सांगा." मी गेलो नाही. वाटलं, मॅडमना काय कळणार. वाटलं, खाली खरे ठिपके असतील, त्या काढतील शोधून. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

त्या दिवशी सर नवीन सदरा घालून आले. दोन मजले चढायचे होते. मी एका बाजूने, त्यांची मुलगी दुसऱ्या बाजूने. प्रत्येक वळणावर थांबत, श्वास घेत ते वर आले. प्राचार्य होते, विभागातले सगळे होते. रेवती मॅडम सरांच्या पाया पडल्या. मग भिंग घेऊन पाकटावर वाकल्या.

त्यांनी नखाने एक ठिपका हळूच खरवडला. काळा पापुद्रा निघाला. मग त्या सरळ उभ्या राहिल्या, शेजारच्या बिबट्याकडे बघितलं, पुन्हा माशाकडे बघितलं.

"पिल्लाचे ठिपके असे नसतात," त्या अगदी हळू म्हणाल्या. "हे तर याचे आहेत."

सर म्हणाले, "पाठीवर मोती बघा. मधोमध. त्याच्यावरून कळेल." आणि त्यांनी स्वतःच हात पुढे केला. त्यांची बोटं पाठीवर फिरली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. सगळी गुळगुळीत पाठ. तिथे काही नव्हतं, मीच घासून टाकलं होतं. सरांचा हात तिथेच थांबला.

"कोणी रंगवलं हे?" मॅडमनी विचारलं. रागाने नाही, रडवेल्या आवाजात. "बरणीत राहिलं असतं तरी भिंगाखाली खुणा दिसल्या असत्या. कोणी केलं?"

प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, हे माझ्या मनात आलं, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त म्हणजे सरांच्या समोर मला ते तोंडातून काढता येईना.

"मी," सर म्हणाले. आवाज इतका बारीक. "रंग उडाला होता. मीच करायला लावलं. माझी चूक."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि भिंग पिशवीत ठेवलं. मी तिथेच, दोन हातांवर, उभा होतो. तोंड उघडलं नाही.

उतरताना सरांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, आता बोलतील, दोन शिव्या देतील, देऊ देत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पायऱ्या राहिल्या?" मी म्हटलं, "सात." रिक्षात बसवलं तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला. रात्री बायको म्हणाली, "तोंड शिवेल व्हतं का तुमनं?"

महिन्याभराने मॅडमचा अहवाल सरांच्या पत्त्यावर आला. इंग्रजीत होता. सरांच्या मुलीने वाचून अर्थ सांगितला. त्यात सरांचं नाव होतं आणि लिहिलं होतं, की हा नमुना गोळा करणाऱ्यानेच रंगवून बदलल्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक नोंद कधी खोटी केली नाही, त्याच्या नावापुढे हे. सर ऐकून म्हणाले, "बरोबर लिहिलंय तिने."

ते त्या उन्हाळ्यात खाटेला खिळले. मी रोज जायचो, पाय चेपायचो. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुकदेव, खरे ठिपके कसे होते रे? जेटीवर बघितलेस ना तू. मला सांग."

मी डोळे मिटले. देवाशपथ सांगतो, जीव गोळा करून आठवलं. पाणी दिसलं, पाटी दिसली, ओली पाठ दिसली आणि पाठीवर बिबट्याचे ठिपके दिसले. माझेच, मी काढलेले. त्यांच्याखालचे कायमचे गेले होते. काहीतरी गोल-लांबट सांगून त्यांचं समाधान करता आलं असतं. पण एकदा "ठळक दिसतात" म्हणून लाडू खाल्ला होता मी. दुसऱ्यांदा जमलं नाही.

"नाही आठवत, सर."

त्यांनी मान हलवली. "मलाही नाही," म्हणाले. "किती सुंदर होतं, तेवढंच आठवतं."

त्यानंतर पाचव्या दिवशी सर गेले. पेपरात चार ओळी आल्या.

बिबट्या अजून तिथेच आहे, अठराच्या अठरा नखं शाबूत. पाकट नव्या माणसाने कपाटावर टाकलंय. मी मागितलं तर म्हणाला, रजिस्टरला नोंद आहे, देता येत नाही. बरोबर आहे त्याचं.

संपादकांनी हसरी पानं मागितली होती आणि मी हे दिलं, त्याबद्दल माफी असावी. अंक निघाला की एक प्रत मी स्वतः पोस्टात जाऊन रेवती मॅडमना पाठवणार आहे. मॅडम, मासा परत येणार नाही, ते मला कळतं. पण तुमच्या अहवालात जिथे देवरे सरांचं नाव आहे ते खोडा आणि तिथे लिहा, सुकदेव महारू भदाणे, प्रयोगशाळा परिचर. ठिपके मी काढले होते.